एका पानावर एकच माणूस

शनिवार, २ तारीख

पोचले एकदाची. आधी विमानात आणि मग गाडीत बसून पाय आखडले होते, पण स्टेशनाबाहेर लेक उभी दिसली आणि पायांना आपोआप चाकं लागली. तिच्याबरोबर तिची मैत्रीण होती, कंपनीतलीच. इतकी उंच, की मी आधी तिच्या कोटाच्या गुंड्यांशीच बोलले. लेक तिला लंबू म्हणते. लंबूने माझी बॅग उचलली आणि काकू, यात दगड भरलेत का, असं विचारलं. मी म्हटलं, पुस्तकं आहेत. ती म्हणाली, म्हणजे दगडच, फक्त पानं असलेले. मला ती तिथेच आवडली.

रस्त्यात तिने तिचं घर दाखवलं, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, निळ्या दाराचं. तिथून दोन गल्ल्या पुढे लेकीचं घर. चौथा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर, आणि खिडकीसमोर कपडे धुऊन देणाऱ्याचं दुकान. काचेमागे दिवसभर यंत्रं गरगरत असतात. बघत बसलं तर वेळ बरा जाईल.

स्वयंपाकघरात वरच्या कपाटाचं दार उघडं होतं. लंबूचं कपाळ त्यावर धाडकन आपटलं. लेक म्हणाली, ही दर रविवारी जेवायला येते आणि दर रविवारी आपटते. लंबू कपाळ चोळत म्हणाली, दाराला अजून अक्कल आलेली नाही. आम्ही तिघी पोट धरून हसलो. हे गेल्यापासून मी एवढी हसले नव्हते. वर्ष होऊन गेलं.

ह्यांच्या आजारपणात औषधांच्या वेळा लिहून ठेवायची सवय लागली. हे गेले, सवय राहिली. म्हणून ही वही लिहिते.

सोमवार, ४ तारीख

लेकीची अडचण आज नीट समजून घेतली. ती बारीक झाली आहे, डोळ्यांखाली काळं आलंय. मी विचारत बसले तेव्हा सांगितलं.

कंपनी तिचा विभाग बंद करते आहे. या देशात राहायची तिची परवानगी त्या नोकरीला बांधलेली, आणि नोकरी महिनाअखेरीस संपते. त्याच्या आत वेगळा अर्ज करायचा, टॅलेंट व्हिसाचा. तंत्रज्ञानात ज्यांचं काम खरंच उजवं आहे त्यांना तो देतात. मग कुठल्या कंपनीच्या दावणीला राहावं लागत नाही. पण आपण उजवे आहोत हे आपणच सिद्ध करायचं. मोठ्या माणसांची शिफारसपत्रं, बक्षिसं, वर्तमानपत्रातली कात्रणं, सभेत बोलतानाचे फोटो, असे पुरावे जोडायचे.

शिफारसपत्रांची गंमत अशी, की ती बहुतेक वेळा लेकीनेच लिहून पाठवायची. साहेब वाचतात आणि सही करतात. मी म्हटलं, म्हणजे पाठ आपली, शाबासकी आपली, हात तेवढा उसना. ती हसली नाही. स्वतःचं कौतुक लिहिताना तिचा चेहरा दात उपटून घ्यायला बसल्यासारखा होतो.

तिचं काम मला ठाऊक आहे, कारण ते आमच्याच घरात सुरू झालं. ह्यांना झटका आला आणि वाचा गेली. नुसते आवाज यायचे, घशातून, तुटके. परक्याला ते सगळे सारखेच वाटत. मला कळायचे. हा पाण्यासाठी, हा उशी सरकव म्हणून, हा खिडकी उघड म्हणून. लेक रजा काढून आली होती. तिने फोन उशाशी ठेवला आणि ह्यांचे आवाज साठवायला लागली. हे आवाज करायचे, मी अर्थ सांगायचे, ती टिपून घ्यायची. त्यातून तिने एक प्रोग्राम बनवला. ह्यांनी आवाज केला की फोन बोलायचा, पाणी द्या. पहिल्यांदा फोन बोलला तेव्हा हे रडले. लंबूने पुढे त्याला चित्रं आणि बटणं दिली, सोपं रूप दिलं. नाव ठेवलं बोलका. आता तो रुग्णालयांत चालतो.

व्हिसा नाही मिळाला तर, असं मी विचारलं. तर सामान बांधायचं, ती म्हणाली. बोलका कंपनीच्या कपाटात जाईल आणि रुग्णालयांतली ती माणसं पुन्हा मुकी होतील. मग ती उठून भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

गुरुवार, ७ तारीख

सल्लागार बाईंकडे जाऊन आलो. अर्जाच्या फायली लावून देणं हाच त्यांचा धंदा. औषधांच्या दुकानावर एक खोली. त्यांच्या खुर्चीसमोर एकच खुर्ची होती. लेक बसली, मी उभी राहिले. बाई माझ्याच वयाच्या असतील. केस घट्ट बांधलेले. बोलता बोलता टेबलावरून हात फिरवायच्या, तिथे नसलेली धूळ पुसावी तसा. भिंतीवर व्हिसा मिळालेल्यांचे फोटो, प्रत्येक चौकटीत एकेकटं माणूस.

त्यांनी लेकीचे पुरावे चाळले आणि मान हलवली. म्हणाल्या, यात फार माणसं आहेत. फोटोत मैत्रीण, कात्रणात मैत्रीण, पत्रात "यांच्या चमूने". तपासणारा विचारणार, मग हिने काय केलं? त्यांचा नियम साधा आहे. एका पानावर एकच माणूस दिसला पाहिजे. बाकीचे चेहरे, बाकीची नावं पांढऱ्या कागदाने झाकायची आणि पानाची नवी प्रत काढायची. संगणकावर झाकलं तर खाली खुणा राहतात, म्हणून हातानेच.

यात खोटं काही नाही, असंही त्या म्हणाल्या. आपण काही लिहीत नाही, फक्त झाकतो.

मग माझ्या हातांकडे बघून कात्री चालवता का, असं विचारलं. मी म्हटलं, सातवीत शाळा सुटली तेव्हापासून तेच केलंय, शाळांचे गणवेश शिवले. मशीनच्या फळीवर पुस्तक उघडं ठेवून वाचायचे, एक बाही झाली की एक पान. बाईंना त्याचं काही नव्हतं. मग तुम्हीच करा, म्हणाल्या. घरच्या माणसाच्या हातचं जास्त स्वच्छ होतं.

परतताना जिन्यात लेक म्हणाली, लंबूला फोन करून सांगायला हवं. केला. लंबू पलीकडून एवढ्या मोठ्याने हसत होती की मलाही ऐकू आलं. खुशाल झाका म्हणाली, माझं तोंड कुठल्याच फोटोत बरं आलेलं नाही.

शुक्रवार, ८ तारीख

लेक कामावर गेल्यावर बसले. खिडकीजवळ उजेड चांगला येतो. कात्री, गोंद, पांढऱ्या पट्ट्या. कोऱ्या कापडावर बेतावं तसं आधी मापलं आणि मग कापलं. सभेचा मोठा फोटो होता. लेक बोलते आहे आणि शेजारी लंबू, लेकीचा हात तिच्या खांद्यावर. चेहऱ्याच्या मापाची पट्टी बसवताना जरा चुकल्यासारखं झालं. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढल्यासारखं. पण पोरीने स्वतःच तर हो म्हटलंय. बसवली, दाबली. कात्रणातलं नाव झाकलं, पत्रातलं झाकलं. नव्या प्रती काढल्या. खरोखरच छान दिसतात. लेक एकटी उभी, सगळं तिचंच.

दुपारी रेकॉर्डिंगं लावून बघितली. ह्यांचे आवाज हाच मुख्य पुरावा, ते बाई नंतर बघणार आहेत. मी वर्षभर ऐकले नव्हते. ह्यांचा आवाज आला आणि लगेच मागून माझा, "पाणी म्हणतायत." मग लेकीच्या बोटांची टकटक. पुन्हा ह्यांचा आवाज, पुन्हा मी, "उशी म्हणतायत, जरा वर घे." माझा आवाज मला ओळखू येईना. किती तरतरीत होते मी तेव्हा. झोप नाही, जेवणाचा पत्ता नाही, आणि आवाजात थकवा म्हणून नाही. बंद केलं. उरलेलं ऐकवलं नाही.

रविवार, १० तारीख

लंबू आली नाही.

मी तिच्यासाठी जास्तीचं रांधलं होतं. लेकीने दोनच ताटं घेतली. मी म्हटलं, अगं, लंबू यायची आहे ना. कोण लंबू, ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करते. मीही म्हटलं, तीच, जिच्या कोटाच्या गुंड्यांशी मी बोलले. तिने आवाज खाली आणला. आजाऱ्याशी बोलताना आणतात तसा. स्टेशनावर ती एकटीच आली होती. बॅग तिनेच वर आणली, अजून खांदा दुखतोय. बोलक्याची चित्रं, बटणं? ती तिनेच केली, सहा महिने लागले.

थकव्याने माणूस विसरतो. हे गेले तेव्हा मी आठवडाभर गॅस बंद करायला विसरत होते. पण जिवाभावाची मैत्रीण विसरेल? फोन दे म्हटलं. तिने दिला. नावांच्या यादीत लंबू नव्हती.

जास्तीचं जेवण मीच दोन वेळा खाल्लं. टाकवेना.

मंगळवार, १२ तारीख

सकाळी त्या घरी गेले. सायकलचं दुकान आहे, वरचं निळं दारही आहे. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. इथे वीस वर्षं राहतोय म्हणाले. खोटं बोलणाऱ्यातले वाटले नाहीत. आतून जुन्या घराचा वास येत होता.

घरी येऊन लेकीच्या लॅपटॉपवर तो सभेचा फोटो शोधला. मूळचा, न झाकलेला. लेक तशीच हसते आहे, एका बाजूला कललेली. शेजारी कोणी नाही. तिचा एक हात उंच, हवेत, कोणाच्याच नसलेल्या खांद्यावर टेकलेला.

मी किती वेळ बघत बसले देव जाणे. समोरच्या दुकानातली यंत्रं थांबली होती आणि मालक कुलूप लावत होता.

आता एकच ठिकाण उरलंय जिथे लंबू आहे. माझ्या कागदावर, माझ्या पट्टीखाली.

बुधवार, १३ तारीख

लेक गेल्यावर किटलीची वाफ धरून पट्टी सोडवली. गोंद चांगला होता, माझाच हात, पक्का बसलेला. हळूहळू उचलत होते. लंबूचं कपाळ दिसलं, डोळे दिसले, आणि मला हुंदकाच आला. त्यात हात हलला. उजवा गाल आणि ओठाचं टोक पट्टीला चिकटून निघून आलं.

तिथे आता कागदाचा नुसता लगदा आहे. बोटाने दाबून बसवायला गेले तर आणखी पसरला.

लेकीला सांगितलं, पान खराब झालं. बाईंना दाखवते म्हणाली.

शुक्रवार, १५ तारीख

लंबू आली. जिन्यातच तिची पावलं ओळखली मी. दार उघडायला धावले.

उजवा गाल खाली ओघळलेला. ओठाचं टोक नाहीच. म्हणजे आहे, पण हलत नाही. काकू म्हणताना लाळ गळली. लेकीने बोलता बोलता, न बघता, सरावाच्या हाताने तिची हनुवटी पुसली. जणू कैक वर्षं पुसते आहे. मी विचारलं, कधी झालं हे. दोघी म्हणाल्या, जन्मापासूनच, काकू तुम्हाला माहीत आहे की.

जेवताना तिने दोन-तीन गमती केल्या. शब्द अर्धे कळले. हसली तेव्हा मला ताटाकडे बघावं लागलं. ह्यांचं तोंड झटक्यानंतर तसंच व्हायचं.

लेक फोन घ्यायला आत गेली. लंबूने माझं मनगट धरलं. डोळे तिचे नीट होते, ते मी नीट सोडवले होते.

"काकू, मी आधी अशी नव्हते ना?"

भाजी घे, म्हटलं.

सोमवार, १८ तारीख

पान परत आलं. स्वच्छ नाही, पुन्हा करा, असा बाईंचा निरोप. मी लेकीला न सांगता एकटीच त्यांच्याकडे गेले. या वेळी त्या खुर्चीत मी बसले.

मी सगळं सांगितलं. मला वेडी म्हणतील, हाकलतील, असं वाटलं होतं. त्यांनी नुसता टेबलावरून हात फिरवला. त्या दमलेल्या दिसल्या. मीही दमलेली. दोन दमलेल्या बायका समोरासमोर.

मी विचारलं, मग मलाच ती कशी आठवते?

"ज्याने झाकलं त्याच्या लक्षात राहतं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी हल्ली स्वतः झाकत नाही. घरच्यांना सांगते."

त्यांनी स्वतःचीही फाइल केली होती, फार वर्षांपूर्वी. पहिलीच. पटकन मंजूर झाली. घरी कोण कोण होतं ते त्यांनी मला सांगितलं, एकेकाचं नाव घेऊन. मी ऐकून घेतलं. दुसरं कोण ऐकणार होतं.

मग कामाचं बोलल्या. रेकॉर्डिंगांत दोन आवाज आहेत. आजारी माणूस चालतो, तो ज्याच्यासाठी केलं तो. पण ही बाई कोण, जिला अर्थ कळतोय? तपासणारा म्हणेल, सगळं हिलाच कळत होतं, मग मुलीने काय केलं? एक आवाज काढावा लागेल. ह्यांचा काढला तर माझा आवाज पगार देऊन बोलावलेल्या बाईचा म्हणून खपेल. माझा काढला तर ह्यांचा राहील. आणि रेकॉर्डिंगच दिली नाहीत, तर अर्जात दम नाही.

लेकीला यातलं काही कळतं का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या, आणि कळू देऊ नका.

बुधवार, २० तारीख

तरी सांगून पाहिलं. लेकीने माझ्या कपाळाला हात लावला. ताप नाही म्हणाली आणि रडायला लागली. तिला वाटतंय मी बाबांच्या मागे हळूहळू चालले. मीच तिची समजूत घातली. ती टेबलावर डोकं टेकून भर दुपारी झोपली, पेन हातातच. लहानपणी अभ्यास करताना झोपायची तशीच.

तिच्या शेजारी बसून मी लंबूला पुन्हा झाकलं.

पहिल्यांदा मला माहीत नव्हतं. आज माहीत होतं. पोरीचा ओघळलेला गाल बघवत नव्हता हे खरं. महिनाअखेर आली आहे हेही खरं. दोन्हींपैकी कशासाठी झाकलं ते मला विचारू नये. पट्टी चांगली बसली. कडा दिसत नाही.

लेक उठली आणि पान बघून म्हणाली, वा आई, हात अजून तसाच आहे.

आता ह्यांचा आवाज की माझा.

ह्यांना एकदा माती दिली आहे. दुसऱ्यांदा नाही देणार. लेकीने स्वतःचा बाप विसरायचा आणि बोलका कोणासाठी केला तेही विसरायचं? आणि मला हे आठवत राहणार, एकटीला. नको. माझं काय, मी बासष्ट वर्षांची. माझाच आवाज जाऊ दे.

आणि मीच काढायचा. तिच्या हातून झालं तर तिला जन्मभर आठवेल.

गुरुवार, २१ तारीख

लेकीकडून शिकून घेतलं. पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात. माझ्या आवाजाचा भाग निवडायचा, एक कळ दाबायची. डोंगर सपाट होतो.

पहिला तुकडा केला. हे आवाज करतात आणि पुढे शांतता. डोक्याखाली घेतात ना, मऊ, ती मागत होते त्यात. तिचं नाव दुपारपासून जिभेवर येत नाही. तिच्याकडे बघते, हातात घेते. नाही येत.

संध्याकाळी लेकीने एकच ताट घेतलं. मग दचकली. अगं आई, तू जेवायची आहेस नाही का, म्हणाली आणि स्वतःवरच हसली. कामाने डोकं फिरलंय म्हणाली.

शनिवार, २३ तारीख

आणखी केले. तहान लागली की पितात ते गेलं. भिंतीतून बाहेर बघायची काचेची — तीही गेली. रोज तिच्याशीच तर बसते.

दारातल्या माझ्या चपला दिसत नाहीत. लेक फोनवर कोणाला तरी सांगत होती, नाही गं, एकटीच राहते, सवय झाली आता. मी समोरच उभी होते. हाक मारली. तिने मान वर केली, बघितलं, आणि मग उशिरा, फार उशिरा, ओळखीचं हसली.

रंग चढलाय तिच्या गालांवर. आज पोटभर जेवली. बाईंचा निरोप आला, फाइल छान होते आहे.

ह्यांचं मात्र ऐकवत नाही. आवाज करतात. थांबतात. कोणी काही बोलत नाही. पुन्हा करतात, जरा मोठ्याने. आजारी माणसाला कोणी असं —

सोमवार, २५ तारीख

लेकीला आता दिसत नाही मी. सकाळी माझ्या अंथरुणावर कपड्यांची घडी ठेवून गेली.

अर्ज आज जायचा. एक तुकडा राहिला आहे. तो मी मागेच ठेवत होते.

त्यात हे काही मागत नाहीत. दोन आवाज, दुसरा लांबवलेला. लेकीने त्या दिवशी विचारलं होतं, बाबा काय म्हणतायत. मी हसले आणि काही नाही, असंच, म्हटलं. तेवढंच आहे माझं त्यात. हसू आणि काही नाही.

माझं नाव घेत होते. लग्नानंतर ह्यांनीच ठेवलेलं, दोघांपुरतं. लेकीलाही कधी सांगितलं नाही. आता मलाही ते — तुकड्यात ऐकलं तरच —

लेक येऊन बसली. शेजारी. तिचा दंड माझ्या दंडाला लागतोय, तिला कळत नाही. तोच तुकडा उघडलाय तिने. अरेच्चा, हे कोण हसतंय, म्हणाली. कपाळाला आठी. हात कळीकडे —

तिच्या हातून नको. तिला आठवत राहील. मीच आधी. एका हाताने लिहितेय, दुसऱ्याचं बोट कळीवर आहे माझं, तिच्या बोटाच्या खाली —

तुकडा लागला. हे हाक मारतायत.

थांबले. वाट बघतायत. ओ मिळाल्याशिवाय हे कधी —

एकदाच ओ देते. मग दाबते. एकदाच. आले हो, मी इथेच, मी